कोल्हापुरात दोघांत मिळून खायचं कसं: रस्सा आपापला, पीस वाटून

दोघं मिळून हॉटेलात बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, काय सांगायचं आणि किती. दोघांनी सेम टू सेम थाळी घेतली तर तेच ते खाऊन उठायचं, आणि हौसेनं चार पदार्थ सांगितले तर निम्मं ताटात राहतं. म्हणून वाटून खाणं आलंच. पण आपल्या कोल्हापुरात त्याचा हिशोब जरा वेगळा पडतो, कारण इथलं निम्मं जेवण पातळ असतंय. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळीचा कट म्हणजे तिच्यावरचा तिखट रस्सा, हे सगळं वाटीत ओततात आणि बहुतेक ठिकाणी परत परत वाढतात, मग ते अर्धं अर्धं करायचं म्हणजे काय करायचं? माझा साधा नियम आहे, जे ओतून वाढतात ते आपापलं आणि जे मोजून येतं ते वाटून. रस्सा, कट, सोलकढी ज्याची त्याची वाटी. पीस, वडे, भजी, डोसा, भेळ दोघांत. एवढं धरून चाललं की पुढचं सगळं सोपं जातं, आणि हॉटेलवाला पण वाकड्या नजरेनं बघत नाही.

निघायच्या आधी एक फोन किंवा मेसेज करून वार विचारा. हे लै महत्त्वाचं. एखादा सोमवार पाळतो, एखादा गुरुवार, शनिवार मारुतीचा, कुणाच्या घरी मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, रविवारी जोतिबाचा, आणि श्रावण-नवरात्रात तर विचारूच नका. मटण खायला म्हणून जायचं आणि टेबलावर बसल्यावर समोरचा म्हणणार "अरे आज वार हाय की माझा", मग एक जण मटण खातोय आणि दुसरा दही-भात बघत बसलाय, त्याला काय अर्थ नाही. बुधवार आणि रविवार बऱ्याच जणांना चालतो, शुक्रवार आधी विचारून. आणि हो, तिखट किती झेपतं तेही आत्ताच विचारा, कारण शेअरिंगमध्ये तिखटाची लेव्हल कमीवाल्याच्या हिशोबानं ठरते. चटणी वरून घालून घेता येते, काढून टाकता येत नाही.

थाळीचं गणित

मटणाच्या हॉटेलात बऱ्याच ठिकाणी भिंतीवर पाटी असते, एका थाळीत दोघांनी जेवू नये अशा अर्थाची. ती वाचून काही लोक चिडतात पण त्यात चिडण्यासारखं काय नाही, थाळीच्या भावात हॉटेलवाल्यानं दोन्ही रस्से पाहिजे तेवढे द्यायचं धरलेलं असतं, ते एका माणसाच्या पोटाच्या हिशोबानं. दोघांनी एका थाळीवर सहा सहा वाट्या रस्सा ओरपला तर त्याचं दिवाळं वाजंल. तेव्हा एक थाळी आणि एक रिकामी प्लेट मागायच्या भानगडीत पडू नका.

त्यापेक्षा दोन वेगळ्या थाळ्या सांगा. एकानं मटण थाळी, दुसऱ्यानं चिकन, किंवा भूक कमी असंल तर दुसऱ्यानं अंडा थाळी. दोघांना आपापला तांबडा-पांढरा मिळतो, पाहिजे तेवढा मागता येतो, कुणाच्या वाटीत कुणाचा हात जात नाही, आणि अदलाबदल करायची ती फक्त सुक्क्याची. दोन पीस इकडं, दोन पीस तिकडं, अर्धं अंडं याला. मटणाचा भाव बघता दोन मटण थाळ्यांपेक्षा एक मटण आणि एक अंडा यात पैसे पण बऱ्यापैकी वाचतात आणि चव दोघांना दोन्हीची मिळते. आता दोन्ही थाळ्यांत रस्सा तोच येईल का, तर नाही, काही ठिकाणी चिकन थाळीला चिकनचा रस्सा आणि मटण थाळीला मटणाचा असतो, अंडा थाळीला कुठला देतात ते तर विचाराच. वाढणाऱ्या मामांना आधीच विचारायचं, "मामा, दोन्ही थाळ्यांना रस्सा कुठला?" एवढंच.

थाळी नको असंल तर सुटं सांगता येतं. एक प्लेट मटण सुक्कं, भाकरी लागतील तशा, शेवटी एक राईस दोघांत. यात फक्त एक गोष्ट आधी क्लिअर करून घ्या, रस्सा प्लेटबरोबर येतो का वाटीचे वेगळे पैसे लागतात. काही ठिकाणी सुक्क्याबरोबर दोन्ही रस्से आपोआप येतात, काही ठिकाणी पहिली वाटी फुकट आणि पुढची बिलात, आणि हे बिल आल्यावर कळलं की जेवलेलं सगळं उतरतं. भाकरी एकदम चार सांगायच्या नाहीत. एक एक करून गरम मागवा, ज्वारीची भाकरी ताटात पडून राहिली की कडक होते आणि मग रस्श्यात कुस्करण्याशिवाय तिचा उपयोग नाही, अर्थात कुस्करून खायचीच असंल तर ठेवा बिनधास्त.

पांढरा आला की लगेच प्यायचा, गप्पा नंतर. मटणाच्या स्टॉकमध्ये नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ असं वाटण असतं, गार झाला की वर चरबी धरते आणि सगळी मजा जाते. काजूवरून आठवलं, मित्राला शेंगदाण्याची, काजूची ॲलर्जी असंल तर पांढऱ्याबद्दल वाढप्याला विचारल्याशिवाय वाटी तोंडाला लावू देऊ नका. आणि शाकाहारी मित्राला "अरे पांढरा घे, त्यात पीस नाही" असलं कधी म्हणायचं नाही, पीस नसला तरी तो मटणाच्याच पाण्यात केलेला असतो. व्हेज तांबडा-पांढरा वेगळा मिळतो बऱ्याच ठिकाणी, तो सांगायचा. पण किचनमध्ये पळी एकच फिरते का वेगळी, हे त्याला किती चालतं ते त्याचं त्यानं ठरवू दे, आपण वकिली करायची नाही.

सुक्कं वाटायचं कसं

प्लेट मधे आली की आधी हात घालायचा नाही. एक रिकामी प्लेट आणि एक जादा चमचा मागून घ्यायचा, कुणीही नाही म्हणत नाही. खायला सुरुवात करायच्या आधीच वाटून मोकळं व्हायचं, कारण एकदा उजवा हात उष्टा झाला की त्याच हातानं मधल्या प्लेटीतला पीस उचलणं बरं दिसत नाही, कितीही जिगरी दोस्त असला तरी. जेवताना नंतर काही घ्यायचंच झालं तर चमचा डाव्या हातात धरून घ्यायचा, घरात पंगतीला वाढताना पाहिलंय तसंच. हे शिकवायला लागत नाही पण हॉटेलात गेल्यावर लोक विसरतात.

आता वाटायचं काय, तर सगळ्यांचं लक्ष पीसवर असतं आणि मसाला राहतो. सुक्क्याच्या प्लेटीत तळाला जो तेल सुटलेला मसाला बसलेला असतो ना, कांदा खोबरं भाजलेला, खरी भाकरी त्याच्याबरोबर जाते. पीस सारखे वाटले आणि मसाला एकाच्याच ताटात गेला तर दुसऱ्याला कोरडी हाडं चघळत बसायला लागतं. म्हणून चमचा तळापासून फिरवून आधी मसाला दोन्हीकडं घ्यायचा, मग पीस मोजायचे. हाडाचे आणि मऊ असे दोन्ही प्रकार दोघांना गेले पाहिजेत. एखाद्याला चरबीचा पीस आवडत नाही, एखादा त्याच्यासाठीच येतो, विचारून घ्या की, तोंड कशाला दिलंय. लिंबू अख्ख्या प्लेटीवर पिळायचं नाही, आपापल्या ताटात पिळा, काही लोकांना मटणावर लिंबू म्हणजे गुन्हा वाटतो (मला पण).

आणि नळी, म्हणजे आत मगज असलेलं हाड. प्लेटीत नळी एकच असते, आणि मैत्री तिथंच कळते. नळीचे दोन भाग होत नाहीत त्यामुळं पाळी लावायची, गेल्या वेळी ज्यानं खाल्ली त्यानं या वेळी सोडायची, आणि सोडणाऱ्याला बदल्यात दोन चांगले पीस किंवा कलेजी असंल तर ती. पाहुणा मित्र बाहेरगावचा असंल तर नळी त्याची, यात चर्चा नाही. पण त्याला खायची कशी ते दाखवा, नाहीतर तो वरचं मांस खाऊन नळी तशीच बाजूला ठेवंल आणि आपला जीव वर-खाली. एका टोकाला तोंड लावून जोरात ओढायची, नाही आलं तर ताटाच्या काठावर दोनदा आपटायची, तरी नाही आलं तर रस्श्यात बुडवून परत ओढायची. आवाज होतो. होऊ दे.

मिसळ शेअर करायची नसते

माझं स्पष्ट मत आहे की मिसळ एकाला एक. फडतरे म्हणा, चोरगे म्हणा, बावडा म्हणा, खासबाग म्हणा, प्रत्येकाची पार्टी ठरलेली आहे आणि त्या वादात मी पडत नाही, पण कुठंही जा, एका प्लेटीत दोन चमचे घातले की मिसळीची वाट लागते. एक जण भराभर खाणारा, एक जण हळू, तोपर्यंत खालचं फरसाण भिजून लगदा. शिवाय एकाला कट भरपूर पाहिजे असतो आणि दुसऱ्याला मटकी. त्यामुळं मिसळ दोन सांगायच्या आणि शेअर करायचं ते बाजूचं, जादा ब्रेड, एक प्लेट भजी, एक वाटी दही. आपल्याकडं मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात, त्या चार चार करून मागवायच्या आणि लागतील तशा दोघांनी उचलायच्या. कट लागला तर आपापली प्लेट पुढं करून "जरा कट वाढा" म्हणायचं, एकाच्या प्लेटीत जादा घेऊन दुसऱ्याच्यात ओतायची गरज नाही, वाढपी परत येतोच.

दोघांनाही भूक कमी असंल आणि दोन मिसळी जड होणार असतील तर एक मिसळ आणि एक कट वडा सांगा. कट वडा मात्र मस्त शेअर होतो, फक्त वडा कटात पडायच्या आधी दोन तुकडे करून द्या म्हणायचं, एकदा वडा भिजला की चमचा लावला की त्याचं आवरण एकीकडं आणि बटाटा एकीकडं. बाहेरच्या मित्राला पहिल्यांदा नेत असाल तर त्याच्यासाठी कट वेगळ्या वाटीत मागा, तो घाबरत घाबरत आपला आपण घालून घेईल. त्याला झोंबलं तर पाण्याचा ग्लास पुढं करू नका, तिखटाचा जाळ पाण्यानं जात नाही, उलट तोंडभर पसरतो. तिखटातला जो झोंबणारा भाग असतो तो पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यानं उतरतो. म्हणून ती दह्याची वाटी आधीच सांगून ठेवायची, तो रडायला लागल्यावर नाही. आणि मिसळीला सकाळी जायचं, बरीच मिसळवाली दुपारी आटपतात, कट संपला की शटर खाली.

बाकीचं पटापट

चायनीजचा गाडा असू दे नाहीतर एसी हॉटेल, सूप वन बाय टू सांगायचं, ते आतूनच दोन बाऊलमध्ये करून आणतात आणि दोन्ही बाऊल मिळून एका सूपपेक्षा थोडं जास्तच भरतं असा माझा अनुभव. राईस एक फुल आणि एखादं ड्राय, दोघांना पुरतं. हाफ-फुलचा हिशोब मात्र बघून करा. समजा फुल 160 आणि हाफ 100, तर दोन वेगळे हाफ घेतले की 200 होतात, म्हणजे दोन प्रकार खायची हौस 40 रुपयाला पडली. कधी कधी परवडते, पण दोघांना एकच राईस आवडत असताना दोन हाफ सांगणारे पण बघितलेत.

लोणी डोसा एकदम दोन सांगायचे नाहीत. एक आला की दोघांत मधून फाडायचा, तो संपत आला की दुसरा सांगायचा, दोन्ही डोसे तव्यावरून गरम मिळतात. लोण्याचा गोळा मधोमध असतो तो वितळायच्या आत अर्धा पलीकडं ढकला, नाहीतर ज्याच्या बाजूला उतार त्याला सगळं लोणी.

संध्याकाळी रंकाळ्यावर किंवा खाऊ गल्लीत तर शेअरिंगसारखं सुख नाही. एक भेळ दोघांत, मग एक रगडा दोघांत, मग पुढं सरकायचं, असं केलं की एका पोटात चार गाड्यांचं मावतं. खासबागेत राजाभाऊंची भेळ खायची तर ओली भेळ हातात आल्या आल्या संपवा, फोटो नंतर काढा, चुरमुरे मऊ पडायला वेळ लागत नाही. एक जण लाईनीत आणि एक जण बसायला जागा धरून, रविवारी हे असंच करायला लागतं. कॉकटेल आइस्क्रीम मोठ्या ग्लासात येतं, ते एकात दोन चमचे घालून चालतं, फक्त दोघांपैकी कुणाला सर्दी-खोकला असंल तर वेगळे ग्लास घ्या, उगाच मैत्री दाखवायला जायचं नाही. गंगावेशीला दूध कट्ट्यावर गेलात तर तिथं शेअरिंग बंद. समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात येतो, तो एकट्यानं तोंडाला लावून एका दमात संपवायचा, मिशीला फेस लागला पाहिजे.

बिल

इथं भांडण वेगळंच असतं, दोघंही "मी देतो, मी देतो" करत काउंटरवर ओढाओढी. गल्ल्यावरचा माणूस कंटाळून दोघांकडं बघत बसतो. हे बंद करायचा उपाय म्हणजे बसतानाच ठरवणं, आज टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) का कुणाची पार्टी. टीटीएमएम असंल तर एकानं स्कॅन करून सगळं भरायचं आणि दुसऱ्यानं तिथंच उभं राहून त्याला अर्धे पाठवायचे, "रात्री पाठवतो" म्हटलं की ते पैसे गेले असं समजा आणि मागायला पण लाज वाटते.

अर्धं अर्धं कधी करायचं आणि कधी नाही हे पण बघायला पाहिजे. एकानं मटण थाळी घेतली, दुसऱ्यानं अंडा, आणि पीस वाटून खाल्ले तर बिल सरळ निम्मं. पण मित्र शाकाहारी, त्यानं व्हेज थाळी खाल्ली आणि आपण मटण हाणलं, तर त्याच्याकडून निम्मं घेणं म्हणजे त्याच्या पैशानं मटण खाणं. तिथं आपापल्या थाळीचे आपण द्यायचे. पाण्याची बाटली, सोलकढी, आइस्क्रीम असलं किरकोळ एकानं घालून टाकायचं, दहा-वीस रुपयाचा भागाकार करत बसणारा माणूस मला तरी सोबत नको.

बिलावर एकदा नजर फिरवा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, दोन ओळीत लिहिलेला असतो म्हणून दोनदा लावला असं समजून भांडू नका. छोटं हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असंल तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, बिलावर तसं लिहिलेलं पण असतं. सर्व्हिस चार्ज लावला असंल तर तो देणं सक्तीचं नाही, काढा म्हणता येतं. आणि वाढप्याला टीप दोघांची मिळून एकच, बडीशेपच्या वाटीत. दोन जणांनी दहा वाट्या रस्सा मागितला असंल तर टीप त्या हिशोबानं ठेवा, तो माणूस दहा वेळा तुमच्या टेबलापर्यंत चालत आलेला असतो.

उरलंच काही तर पार्सल करायला लाजायचं नाही, सुक्क्यातले दोन पीस, अर्धा राईस बांधून मिळतो. फक्त ताटात वाढून घेतलेला अनलिमिटेड रस्सा बांधून मागू नका, तो बसून खाण्यापुरता असतो, घरी पाहिजे तर वाटीचे पैसे देऊन वेगळा घ्यायचा. पार्सल कुणी न्यायचं तर ज्याच्या घरी रात्री उशिरा कुणीतरी उपाशी येणार असंल त्यानं, म्हणजे बहुतेक हॉस्टेलवाल्यानं. रस्श्याच्या पिशवीला डबल गाठ मारून ती आणखी एका पिशवीत घालून द्या म्हणायचं आणि गाडीच्या हँडलला लटकवायची नाही, डिकीत उभी ठेवायची, तांबड्याचं तेल डिकीत सांडलं की रेनकोटपासून आरसी बुकापर्यंत सगळ्याला महिनाभर वास येतो.